तारतम्यलेखक

मिरजेच्या मेंदूसंशोधन केंद्रात तारळेकर बाईंच्या उशाशी तारतम्यलेखक हे विशेषणांची तुलना टिपणारं यंत्र गुणगुणत होतं. बाईंच्या डोक्यावर जाळीची मऊ टोपी होती आणि तिचा प्रत्येक धागा मेंदूतल्या विजेची हालचाल टिपत होता. अपघातानंतर बाईंचे डोळे उघडले होते, पण ते कुणावरच स्थिरावत नव्हते. बोटसुद्धा हलत नव्हतं. केंद्रातली सहायक हर्षदा केरीपाळे कित्येक महिने रोज सकाळी त्यांना इंग्रजी विशेषणं वाचून दाखवत आली होती. आजचा प्रयोग शेवटचा होता. यातही काही निघालं नाही, तर बाईंचे उपचार थांबवून त्यांना नुसत्या शुश्रूषेसाठी हलवायचं ठरलं होतं.

बाईंचा मुलगा शेखर भिंतीला टेकून उभा होता. तो यायचा, आईकडे बघायचा आणि न बोलता जायचा.

"पण इंग्रजीच का?" त्याने विचारलं. "आई मराठीच बोलायची घरी."

केंद्राचे प्रमुख डॉ. मुजावर म्हणाले, "मराठीत आपण 'पेक्षा' जोडतो, 'सर्वांत' जोडतो. विशेषण आहे तसंच राहतं. इंग्रजीत बहुतेकदा शब्दच रूप पालटतो. टॉल, टॉलर, टॉलेस्ट. बाईंनी जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवताना हीच रूपं मुलांकडून घोटून घेतली, म्हणून त्यांच्या मेंदूत प्रत्येक रूपाचा संकेत वेगळा उमटतो. तो यंत्राला वाचता येतो."

"म्हणजे आई विचार करतेय?"

"तसं म्हणता येत नाही. गुड ऐकलं की बेटर, बेस्ट आपोआप येणारच. ती सवय झाली."

"सर, सवयीत माणसं येत नाहीत," हर्षदा न राहवून बोलली. मग शेखरकडे वळून तिने समजावलं, "टॉलर म्हणताना मेंदूला दोघांना शेजारी उभं करावं लागतं, म्हणून त्या दोघांच्या ओळखीचे दोन ठसे मेंदूत उजळतात. टॉलेस्ट म्हणताना सगळा गट गोळा करावा लागतो. आणि ज्याची ओळखच नाही, त्याला गटात कसं घेणार?"

नातेवाइकांचे, शेजाऱ्यांचे, जुन्या सहकाऱ्यांचे आवाज ऐकवून त्यांचे ठसे यंत्राला आधीच शिकवलेले होते. हर्षदा बाईंच्या कानाशी वाकली. "काइंड," ती म्हणाली.

पडद्यावर एक ठिपका उजळला. मग 'काइंडर'चे दोन. आणि मग 'काइंडेस्ट'चा एकदम पुंजका फुलला. बाईंचे यजमान, बहीण, शेखर, शाळेतले शिपाईमामा. यंत्र एकेकाचं नाव दाखवत गेलं. पण सर्वांत तेजस्वी ठिपक्यापुढे, म्हणजे बाईंच्या लेखी सर्वांत मायाळू माणसापुढे, नाव नव्हतं.

"यंत्राचा दोष," मुजावर म्हणाले.

हर्षदाने सगळे आवाज पुन्हा ऐकवले. एकही जुळेना. शेखरलाही कुणी आठवेना. ती निराश होऊन खुर्चीत बसली आणि नेहमीच्या सवयीने पुटपुटली, "बाई, दमलात ना? पुरे आज."

तो बिननावाचा ठिपका लखकन उजळला.

मुजावर पुढे सरसावले. "पुन्हा बोला!"

"काय बोलू, सर?"

ठिपका पुन्हा उजळला. मुजावरांनी स्वतः खाकरून "तारळेकर बाई" अशी हाक मारली. पुंजक्याच्या पार कडेला एक मिणमिणता ठिपका जागा झाला. "मीही आहे म्हणायचा," ते ओशाळून हसले. मग खुर्ची ओढून सावकाश बसले. "केरीपाळे, अपघाताआधी तुमची यांची ओळख होती?"

"नाही, सर. मी यांना पहिल्यांदा पाहिलं ते याच खाटेवर."

तिघांनाही कळून चुकलं होतं. अपघातानंतर आलेलं माणूस बाईंच्या गटात होतं, म्हणजे बाई सगळा वेळ ऐकत होत्या. नुसत्या ऐकत नव्हत्या, माणसं पारखत होत्या.

हर्षदाला काय काय आठवलं. यंत्र तापेपर्यंत शांतता नको म्हणून ती बडबडायची. आपल्या वडिलांचा हट्टीपणा, करपलेली आमटी, इंग्रजीच्या भीतीने दोनदा बुडालेली मुलाखत. कोणी ऐकत नाही अशा समजुतीने. तिने बाईंचा थंड हात दोन्ही हातांत घेतला. "बाई, तुम्ही होतात म्हणून मी बोलू शकले," ती म्हणाली.

"उपचार चालू राहतील," मुजावर म्हणाले. "आज मीच कळवतो सगळ्यांना."

शेखरने हर्षदापुढे हात जोडले. "मी इतके महिने इथे मुका उभा राहिलो. तुम्ही आईला एकटी पडू दिलं नाहीत." मग तो खाटेपाशी गुडघ्यांवर बसला. ओठ हलले, पण शब्द जेमतेम बाहेर पडले.

"आई... मी आलोय."

कुणीही काही विचारलेलं नसताना पडद्यावर दोन ठिपके शेजारीशेजारी उजळले आणि त्यांच्याखाली शेखरसाठी बाईंच्या शब्दाची अक्षरं उमटली.

लाउडर.