सातव्या पट्टीची भेग

अवधपुरीतल्या घरून कमलिनी साडेआठला निघायची आणि नऊच्या आत कारखान्याच्या धातू प्रयोगशाळेत हजर व्हायची. वीस वर्षं तिचं काम एकच, निकेलच्या मिश्रधातूंना छळणं. पट्टी वाकवून ताणात ठेवायची, मिठाच्या पाण्यात बुडवायची, बंद भांड्यात दाबाखाली तापवायची. पाण्यातले क्षार धातूचं संरक्षक कवच पोखरतात आणि ताणलेल्या जागी केसासारखी भेग पडते. तिने स्वतः घडवलेला मिश्रधातू असा दोनदा फुटला होता. तिसऱ्यांदा फुटला तर काम बंद, असं वरून आलं होतं.

मंगळवारी भांड्यातल्या बारा पट्ट्यांपैकी सातवीला भेग दिसली. कमलिनीने फोटो काढला आणि जेवणाचा डबा तसाच घरी नेला.

शुक्रवारी भेग नव्हती.

"नंबर चुकला असेल," सहकारी यशवंत म्हणाला.

"नंबर मीच कोरलाय."

सूक्ष्मदर्शकाखाली धातू सलग होता. पाण्यात क्षार उरलेच नव्हते, जणू डिस्टिल्ड वॉटर. भांडं कुठे गळत नव्हतं. कमलिनीने करवतीने पट्टीला मुद्दाम खाच पाडली, ताजं मीठ विरघळवलं, भांडं बंद करून झाकणाच्या सीलवर सही केली.

सोमवारी खाचही बुजली होती. बाकीच्या अकरा पट्ट्या नव्यासारख्या लखलखत होत्या.

"मॅडम, ये हो कैसे रहा है?" यशवंतने हळूच विचारलं.

"माहीत नाही," ती म्हणाली आणि तिला हसू आवरेना. तोही हसला. आनंद नगरहून गरम पोहे-जिलेबी आली. वीस वर्षांत पहिल्यांदा प्रयोगशाळेत कुणी गाणं म्हटलं, आणि ते कमलिनीने. नागपूरला आईला फोन लावून ती म्हणाली, "आई, टिकला गं माझा धातू."

आनंदाच्या भरात तिने हातमोज्याविना पाण्यात हात घातला आणि सातवी पट्टी उचलली.

भांडं पहाटेच निवलं होतं. पट्टी अंगाइतकी कोमट होती.

साडेपाचला ती गुणगुणत फाटकाशी आली. हजेरीच्या यंत्रावर बोट ठेवलं.

"कृपया दोबारा प्रयास करें."

तिने बोट पदराला पुसलं. पुन्हा ठेवलं. दुसरं ठेवलं.

"कृपया दोबारा प्रयास करें."

तिने बोटं उन्हात धरली. त्यांवर एकही रेष नव्हती. दुखत नव्हतं, उलट बरं वाटत होतं.

नखांखालच्या फटीही बुजल्या होत्या.