इलिंकाच्या नावाचा वाडगा

ही घटना खरी आहे. आधीच सांगून टाकतो, कारण ऐकणारे हसतात. माझी साफ्ता आत्या मात्र हसत नाही. तिने मला हे तीनदा सांगितलं, आणि तिन्ही वेळा एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही.

रात्र नव्हती. जूनमधला शनिवार होता, पूर्वजांच्या खिरीचा. सकाळचे दहा वाजले होते. डॅन्यूबकाठचं आमचं गाव, कडकडीत ऊन, रस्त्यावर माणसंच माणसं.

त्या दिवशी घरातल्या प्रत्येक मृताच्या नावाने मातीचा नवा वाडगा खिरीने भरून शेजारीपाजारी द्यायचा. सोबत मेणबत्ती. घेणाऱ्याने म्हणायचं, "देव पोहोचवो." वाडगाही त्याचाच होतो. आत्याचे सहा वाडगे देऊन झाले होते. सातवा तिच्या थोरल्या बहिणीचा, इलिंकाचा. तो घेऊन ती शेजारच्या व्होइकाकडे गेली.

मेणबत्ती लावली.

विझली...

झाडाचं पान हलत नव्हतं. पुन्हा लावली. पुन्हा विझली. आत्याने तिसरी काडी ओढली.

"बहीण रुसलीय गं तुझी," व्होइका हसत म्हणाली. "साखरेत हात आखडलास की काय? आण इकडे. देव पोहोचवो."

आत्या वळली. तिचं फाटक तिथून जेमतेम वीस पावलांवर.

फाटकाच्या खांबावर एक वाडगा होता... काठोकाठ भरलेला.

व्होइकाने थट्टा केली, असं तिला वाटलं. मग तिने नीट पाहिलं. वाडगा नवा नव्हता. त्यावर निळा कोंबडा होता आणि काठाचा टवका उडालेला होता.

तो वाडगा आत्याने स्वतःच्या हाताने फोडला होता. अडतीस वर्षांपूर्वी.

आता मागचं सांगायला हवं. मलाही ते आत्याने हे सांगितलं तेव्हाच कळलं. इलिंका आत्या माझ्या जन्माआधी तापाने गेली, एवढंच मला माहीत होतं.

ती गेली नव्हती. तिला नेलं होतं. एकोणीस वर्षांची असताना तिच्या गालावर चट्टा उठला. चुलीतलं लाकूड सारताना हात भाजला तरी तिला कळलं नाही. महारोग. सरकारी गाडी आली आणि तिला टेकड्यांपलीकडच्या दरीतल्या वसाहतीत सोडून आली. "हे कळलं तर तुला कोण करून घेईल?" आजी पंधरा वर्षांच्या साफ्ताला म्हणाली. गावाला सांगितलं, पोरगी इस्पितळात वारली.

चर्चमध्ये पाद्रीबाबांना द्यायच्या कागदावर दोन रकाने असतात. डावीकडे जिवंत, उजवीकडे मृत. आजीला लिहिता येत नव्हतं. इलिंकाचं नाव उजवीकडे साफ्ता आत्याने लिहिलं. पुढे दर वर्षी तीच लिहीत राहिली.

तेरा वर्षांनी, अशाच खिरीच्या शनिवारी, इलिंका आत्याच्या सासरी, याच फाटकाशी येऊन उभी राहिली. एका पायात लाकडी तळाचा बूट. तो पाय ओढत चालायची. ठक... सर्र... ठक... सर्र...

"साफ्ते, बरी झाले गं मी. हा बघ डॉक्टरांचा कागद."

आत आत्याची सासू बसली होती. आत्याने वाडगा खांबावर ठेवला. हातात दिला नाही.

"ताई, खा आणि जा. इथं तू मेली आहेस."

इलिंकाने वाडगा उचलला. उभ्या उभ्या खाल्लं, वाडगा डोक्यावरच्या रुमालाने पुसला, होता तिथे ठेवला आणि गेली. आत्याने तो काठीने खाली पाडला. तुकडे संडासाच्या खड्ड्यात टाकले.

आणि आता तोच वाडगा तिच्यासमोर होता.

रस्त्याच्या वळणावरून आवाज आला...

ठक... सर्र...

रस्ता माणसांनी भरला होता. त्या वळणावर मात्र कोणी नव्हतं.

व्होइका हाका मारत आली. तिचा चेहरा उतरला होता. हातात सातवा वाडगा होता, आणि तो रिकामा होता.

"साफ्ते, शपथ घेते, मी चमचासुद्धा लावला नाही!"

त्या दिवसापासून आत्याची झोप उडाली. "खीर परत आली," ती म्हणायची. "म्हणजे ती जिवंत आहे. जिवंत माणूस मेलेल्याचं जेवण कसं घेईल?" वसाहतीत फोन करून विचारता आलं असतं. तिने केला नाही. एकदा बसने फाट्यापर्यंत गेली. त्याच बसने परत आली.

शेवटी तिने मनाशी ठरवलं. डोळे मिटण्याआधी हे एवढं करायचंच. नोव्हेंबरातल्या पूर्वजांच्या शनिवारी नाव डावीकडे लिहायचं. पाद्रीबाबा ते मोठ्याने वाचतील. गावाला कळेल. कळू दे.

शुक्रवारी दुपारी ती कागद घेऊन बसली. सून दोइना समोर लोणच्यासाठी कोबी चिरत होती.

"आई, इलिंकामावशींचं नाव इकडे कुठे लिहिताय?"

आत्याने सगळं सांगितलं. दोइनाची सुरी थांबली.

"दोन आठवड्यांवर स्मारांदाचं लग्न आलंय. तुमच्याच नातीचं. घरात महारोग होता हे त्या लोकांना कळलं तर?"

"बरी झाली होती गं ती. कागद होता तिच्याकडे."

"कागद कोण वाचतंय, आई? पन्नास वर्षं गप्प बसलात, आणि आता कंठ फुटला! कोण करून घेईल आपल्या पोरीला?"

आजीचेच शब्द. दोइनाने आजीला कधी पाहिलंही नव्हतं.

आत्याने नवा कागद घेतला. डावीकडे पहिलं स्वतःचं नाव, मग मुलगा, सून, नात. उजवीकडे सगळ्यांत शेवटी इलिंका. खाली रेघ ओढली आणि कागद दुमडला. तिला स्वतःची इतकी लाज कधीच वाटली नव्हती.

शनिवारी सकाळी चर्च गच्च भरलं होतं. मी मागे उभा होतो. आमचा कागद पाद्रीबाबांच्या हातात आला.

आधी जिवंत. मुलगा, सून, नात... आत्याचं नाव आलं नाही. वाचताना सुटलं असेल, असं तिला वाटलं.

मग मृत. एकेक नाव होत शेवटी, "इलिंका..."

पाद्रीबाबा अडखळले. कागद डोळ्यांजवळ नेला.

"...साफ्ता."

"देव त्यांना क्षमा करो," सगळे म्हणाले. आत्याला खेटून उभी असलेली व्होइकाही म्हणाली. सवयीने मीही म्हणालो.

आत्याला ओरडायचं होतं, अरे, मी जिवंत आहे, ही काय इथे उभी आहे! तिने तोंड उघडलं. आवाज फुटेना. कोणी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

फक्त दारापासून आवाज येत गेला. ठक... सर्र... ठक... सर्र... अगदी तिच्या शेजारी येऊन थांबला.

नंतर आम्ही तो कागद मागून घेतला. डावीकडे आत्याचं नाव नव्हतं, खोडल्याची खूणही नव्हती. उजवीकडे, रेघेच्या खाली, ते होतं. अक्षर तिचंच.

स्मारांदाचं लग्न थाटात झालं. कोणाला काही कळलं नाही. आत्या आहे अजून. कोणाच्या फाटकाशी गेली तर हाक मारत नाही. आतून कोणी हाक मारतं का, याची वाट पाहत नुसती उभी राहते.

इलिंका आत्या आहे की नाही, मला माहीत नाही. वसाहतीचा नंबर मी मिळवला. तीन वर्षं तो माझ्या खिशात आहे.

लावलेला नाही. माझीही मुलगी यंदा लग्नाची झाली.