निळ्या बोटीच्या चौकटी

"ते टाकू नकोस."

सिसेलचा आवाज तिच्याही अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. भंगार केंद्रातल्या लाकडाच्या कंटेनरपाशी उभा असलेला माणूस हात वर तसाच धरून थांबला. त्याच्या हातात एका बोटीची खिडकी होती. काच तडकलेली, चौकटीवरचा फिका निळा रंग पापुद्र्यांनी सुटलेला. पाऊस नेहमीसारखा समुद्राकडून आडवा येत होता आणि दोघांच्याही टोप्यांवरून पाणी गळत होतं.

"का?" त्याने विचारलं.

"मला हवी आहे."

"तडकली आहे."

"दिसतंय मला. तशीच हवी आहे."

त्याने तिच्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे. ती त्याला चेहऱ्याने ओळखत होती. धक्क्यावरच्या बाकावर वर्षभर एकटा बसून असायचा तो. येणारे-जाणारे मान हलवायचे, तो कधी हलवायचा, कधी नाही. त्रोल्स. थोरवालचा मुलगा.

"तडकलेली खिडकी मागणारी बाई पहिल्यांदाच बघतोय," तो म्हणाला.

"आणि मी चांगली खिडकी फेकणारा माणूस. आणखी काय काय फेकायला आणलंयस?"

त्याच्या मागे उभ्या गाडीत जाळ्याचे तुकडे होते, सडके दोर, पितळेचे दोन दिवे, जाळ्याला बांधायचे बुचाचे तरंगे. ती ते एकेक करून आपल्या व्हॅनमध्ये भरू लागली. तो बघत उभा राहिला, आणि मग न बोलता हात लावू लागला.

"हे सगळं कुणाचं?" तिने विचारलं.

"मारेनचं."

"बायको?"

"बोट."

बोटीचं नाव तिने ऐकलं नव्हतं, पण तिची गोष्ट ऐकली होती. ती साऱ्या गावाला माहीत होती. म्हातारा थोरवाल गेला, आणि एकट्या त्रोल्सला ती चालवणं जमेना. गेल्या वर्षी वसंतात तिला बंदराच्या टोकाला ओढून नेलं आणि यंत्राच्या दातांनी फोडलं. लोक बघायला जमले होते. त्रोल्स शेवटपर्यंत उभा होता म्हणे... आणि नंतर तिथेच बाकावर बसला.

"या खिडकीचं तू करणार काय?" निघताना त्याने विचारलं.

"ये बघायला," सिसेल म्हणाली. "बोदिलमावशीच्या जुन्या सामानाच्या दुकानामागची शेड. कॉफी मिळेल. बोलायची सक्ती नाही."

तो येणार नाही याची तिला खात्री होती. म्हणून तो दारात उभा राहिला तेव्हा तिच्या हातातला लाकडाचा भुसा कॉफीत पडला.

*

शेड म्हणजे एके काळी जाळी विणायची जागा. आता तिथे सिसेल फोटोंच्या फ्रेमा करायची. किनाऱ्यावर वाहून आलेली लाकडं, फुटक्या बाटल्यांच्या काचा, दोरांचे धागे, जुन्या बोटींच्या रंगाचे पापुद्रे... हे सगळं साच्यात मांडायचं आणि वरून रेझिन ओतायचं. दोन बाटल्यांतलं पाण्यासारखं द्रव, एकत्र केलं की हळूहळू काचेसारखं घट्ट होणारं. आत जे असेल ते तसंच राहायचं. पाण्याखाली दिसावं तसं.

मारेनच्या खिडकीची फ्रेम तिने त्याच्यासमोर केली. निळे पापुद्रे चिमट्याने मांडले, त्यात जाळ्याचा एक नारिंगी धागा सोडला. त्रोल्स स्टुलावर बसून होता. फ्रेम तयार झाल्यावर त्याने ती बराच वेळ हातात धरली.

"कशी आहे?" तिने विचारलं.

"वाईट नाही."

दुकानातून बोदिलमावशी ओरडली, "पोरी, थोरवालच्या घरात यापेक्षा मोठं कौतुक कुणी कुणाचं केलेलं नाही. याच्या बापाने स्वतःच्या लग्नातही एवढंच म्हटलं होतं."

त्रोल्सच्या ओठांचा कोपरा हलला. सिसेलने ते पाहिलं, आणि तिला वाटलं की हे आणखी एकदा बघायला मिळावं.

तो रोज येऊ लागला. आधी नुसता बसायला, मग लाकूड घासायला, मग मिश्रण करायला.

"हळू ढवळ," ती म्हणायची. "बुडबुडे होतात. लग्नाला उशीर झाल्यासारखं काय करतोस?"

"लग्नाला मी कधीच उशीर केला नसता."

"कुणाच्या?"

"ते अजून ठरायचंय," तो म्हणायचा, आणि इतकं हळू ढवळायचा की तिला हसू यायचं.

त्याचे हात मोठे, थंड पाण्याने फाटलेले. त्या हातांत चिमटा धरलेला बघताना ती स्वतःचं काम विसरायची. बुडबुडे फोडायला ती लहान ज्योत फ्रेमवरून फिरवायची तेव्हा तो शेजारी वाकायचा, आणि दोघांचे चेहरे त्या ओल्या, चकचकीत रेझिनमध्ये एकमेकांजवळ दिसायचे... आणि कुणीच आधी मागे व्हायचं नाही.

तो शिकला आणि तिच्यापेक्षाही पुढे गेला. त्याला काहीतरी कळायचं जे तिला कळत नव्हतं — कोणता तुकडा कुठे ठेवला की माणसाचा जीव त्यात अडकतो. ही गोष्ट गावात पसरली. या किनाऱ्यावर दरवर्षी बोटी मोडीत निघत होत्या, आणि प्रत्येक बोटीमागे एक घर होतं. लोक येऊ लागले. कुणी नावाच्या पाटीतलं अक्षर घेऊन, कुणी रबरी कोटाचं बटण. कारेन-लिसे नावाची एक म्हातारी नवऱ्याचा लोकरी हातमोजा घेऊन आली. नवरा समुद्रात राहिला होता, हातमोजा घरी.

"कापावा लागेल," त्रोल्स तिला म्हणाला.

"काप," म्हातारी म्हणाली. "पण माझ्यासमोर नको."

ती फ्रेम घेऊन गेल्यावर त्रोल्स शेडमागे गेला. सिसेल त्याच्यामागे गेली. तो भिंतीला टेकून रडत होता, बापाच्या मातीलाही रडला नव्हता तसा. तिने त्याचं डोकं खांद्यावर घेतलं. वारा इतका होता की पुढे तो जे बोलला ते तिला ऐकू आलं नाही. तिने पुन्हा विचारलंही नाही. त्याने तिचा चेहरा हातांत घेतला आणि पहिल्यांदा तिचं चुंबन घेतलं.

दुसऱ्या दिवशी तिच्या पापण्या सुजल्या.

*

आधी वाटलं वारा लागला. मग वाटलं रडण्याने. मग मनगटावर पुरळ उठलं, गळ्यावर उठलं, आणि एका सकाळी डोळे उघडेचनात. बोदिलमावशी तिला गाडीत घालून शहरातल्या त्वचेच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. तिथे ॲलर्जी तपासायला पाठीवर कसल्याकसल्या पट्ट्या लावल्या. दोन दिवसांनी त्या काढल्यावर एका चौकोनाखाली कातडी भाजल्यासारखी झाली होती.

"रेझिन," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ओलं रेझिन अंगाने एकदा नाकारलं की नाकारलं. हे जात नाही."

"हातमोजे घालून?"

"तुमचं फार पुढे गेलंय. त्याच्या आसपासही नको. ज्या कपड्यांना ते लागलंय, ज्या हातांना लागलंय..." त्या थांबल्या. "घरात आणखी कुणी हेच काम करतं का?"

सिसेलने शर्टाची बटणं लावली. परत येताना मावशी सारा रस्ता हवामानाबद्दल बोलत राहिली.

त्रोल्स ऐकून म्हणाला, "मग मी सोडतो."

आणि त्याने सोडलं. शेड बंद केली, साचे खोक्यांत भरले, अंगावरचे कपडे जाळले. दोघांनी नुसत्या लाकडाच्या चौकटी करून बघितल्या, मावशीच्या स्वयंपाकघरात. सिसेलचा चेहरा निवळला. संध्याकाळी ती त्याच्या मांडीवर पाय टाकून बसायची, तो तिच्या घोट्यावर हात ठेवायचा, आणि काही होत नव्हतं — कातडीला काही होत नव्हतं.

पण त्याचे हात बंद पडले. लाकूड कापायचा, जोडायचा, आणि मध्येच थांबून खिडकीबाहेर बघत राहायचा. लोक दारात येऊन त्यांच्या पिशव्या घेऊन परत जायचे. एकाने बापाच्या बोटीचं सुकाणू आणलं होतं. त्रोल्सने त्याला नाही म्हटलं, आणि त्या दिवशी जेवला नाही. मग एका दुपारी सिसेल ब्रेड आणायला गेली, तर तो धक्क्यावरच्या त्याच बाकावर बसलेला. तिने हाक मारली. त्याने मान हलवली नाही.

ती त्याच्या शेजारी जाऊन बसली.

"शेड उघड," ती म्हणाली.

"नाही."

"त्रोल्स, तुला बघवत नाही मला असं."

"आणि तुझे डोळे मिटलेले मला बघवत नव्हते."

"आपण जपून करू. तू तिथेच कपडे बदल, अंघोळ कर. कितीतरी लोक करत असतील."

त्यांनी ते केलं. शेडमध्ये नळ घेतला, कपड्यांची वेगळी पेटी ठेवली. तो नखांखाली ब्रशने घासायचा, कातडी सोलेपर्यंत. केस अगदी बारीक कापले. आणि पुन्हा फ्रेमा होऊ लागल्या, पुन्हा तो जेवू लागला, मावशीला टोमणे मारू लागला. सिसेल दुकानात पुढे बसून फ्रेमा कागदात गुंडाळायची. घट्ट झालेलं रेझिन तिला काही करत नव्हतं. त्यात अडकलेले दोर, पाट्यांची अक्षरं तिला बोट फिरवून बघता यायची. त्याला मात्र हात लावता यायचा नाही.

कारण दर वेळी कुठेतरी काहीतरी राहायचंच. त्याने गालाला हात लावला की गालावर डाग. मिठी मारली की मानेवर पट्टा. ती कॉलर वर करून फिरू लागली. त्याला कळू नये म्हणून मलम चोरून लावायची, आणि त्याला कळायचं. मग तो हात मागे बांधून बोलू लागला. स्वयंपाकघरात टेबलाच्या पलीकडच्या टोकाला बसू लागला. एकदा ती झोपेत त्याच्याकडे सरकली तर तो उठून जमिनीवर जाऊन झोपला.

"माझ्या हाताने तुझं अंग भाजतं," तो म्हणाला. "मी काय करू, सिसेल? सांग. तू म्हणशील ते करतो."

तो बाकावर बसला तर तो संपणार होता. तो शेडमध्ये राहिला तर ती. दोन्हीकडून सगळं तिला इतकं स्वच्छ दिसत होतं की चीड यावी.

तिने दूरच्या ऑर्हुस शहरात, चित्रांच्या फ्रेमा करणाऱ्या एका दुकानात, काम आहे का विचारलं. लाकूड, काच, पुठ्ठा, बाकी काही नाही. त्यांनी ये म्हटलं.

त्याला सांगायला ती शेडच्या खिडकीपाशी गेली. आत जाता येत नव्हतं. तो आत कामाचा कोट घालून उभा होता, ती बाहेर पावसात. काचेतून बोलायला ओरडावं लागत होतं, आणि असलं काही ओरडून सांगायचं तरी कसं...

"मी जातेय," ती ओरडली.

"कुठे?"

"ऑर्हुसला. कायमची."

त्याने हातातला चिमटा खाली ठेवला. मग काचेजवळ आला.

"मी हे सगळं पेटवून देतो. आत्ता."

"आणि मग?"

"मग तुझ्याबरोबर येतो."

"तिथे धक्का नाही का? बाक नाहीत? तू तिथे जाऊन बसशील, आणि मी रोज कामावरून येताना तुला बघेन." तिचा श्वास काचेवर धुकं धरत होता. "मी तुला हसताना पाहिलंय, त्रोल्स. आता ते नसलेलं मला चालणार नाही."

"आणि मला तू नसलेली चालेल?"

"नाही चालणार," ती म्हणाली. "मला माहीत आहे."

त्याने काचेवर कपाळ टेकलं. "मी तुला कधी सांगितलं नाही."

"काय?"

"त्या दिवशी, शेडमागे. वारा होता. मी म्हणालो होतो... माझं तुझ्यावर प्रेम आहे. तुला ऐकू गेलं नाही, आणि पुन्हा म्हणायचा धीर झाला नाही."

आता वारा पडला होता. तिला नीट ऐकू आलं. ती तिथेच उभी राहून रडली, आणि तो आतून बघत राहिला. दार उघडलं असतं तर ती आत गेली असती, आणि ते दोघांनाही माहीत होतं, म्हणून कुणी कडीला हात लावला नाही.

*

बसथांब्यावर मावशीने तिच्या हातात दालचिनी घातलेल्या बनपावांची पिशवी कोंबली आणि "पोचलीस की फोन कर" म्हणून गाडीत जाऊन बसली. त्रोल्स धुतलेल्या शर्टात आला होता, केस ओले. हात कोटाच्या खिशात खोल घातलेले. तो तिच्यापासून लांब उभा राहिला.

"कारेन-लिसे विचारत होती तुला," तो म्हणाला.

"काय म्हणाली?"

"ती पोरगी मूर्ख आहे म्हणाली. मग म्हणाली, नाही, तूच मूर्ख आहेस."

"तिचं म्हणणं वाईट नाही."

तो हसला. तिला तेच हवं होतं, आणि तेच सहन झालं नाही. बस वळणावर दिसली.

ती बॅग खाली ठेवून त्याच्याकडे चालू लागली. तो मागे सरकला.

"सिसेल, नको. सकाळीच साचा भरून आलोय. कितीही धुतलं तरी—"

"माहीत आहे."

"तुला त्रास होईल."

"होऊ दे."

तिने त्याचे हात खिशातून ओढून काढले आणि स्वतःच्या गालांवर ठेवले. तिने त्याचं चुंबन घेतलं, बसचा ड्रायव्हर दार उघडून थांबला, आणि सभ्यपणे दुसरीकडे बघत राहिला. मग ती बसमध्ये चढली. त्रोल्स रस्त्यावर दोन्ही हात समोर धरून उभा होता, काहीतरी सांडलेल्या माणसासारखा. बस निघाली. ती वाळूच्या टेकड्यांमागे वळेपर्यंत तो तसाच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ऑर्हुसमधल्या भाड्याच्या खोलीत, तिने आरशात पाहिलं. खालचा ओठ सुजला होता. दोन्ही गालांवर लाल डाग उठले होते, बोटं मोजता येतील इतके स्पष्ट. खाज सुटली होती. काही दिवसांत ते फिकट होणार होते, मग जाणार होते, आणि त्यानंतर तिच्या अंगावर त्याचं काहीच राहणार नव्हतं.

मलमाची नळी बॅगेत वरच होती. तिने ती तशीच राहू दिली, कोट चढवला आणि कामावर निघाली.