आधार नसलेलं वाक्य

१९६१चा मे. डहाणूच्या किनाऱ्यावरून सुकत्या बोंबलांचा वास घरात येत होता आणि यमुना शेत कसणाऱ्या शुक्रीच्या कुळहक्काच्या दाव्याचं टिपण वडिलांना पाचव्यांदा वाचून दाखवत होती. अण्णा वकील डोळे मिटून ऐकत. वाक्याला आधार नसला की पेन्सिलीचं बूड टेबलाच्या कोपऱ्यावर आपटत. टक्.

"हे वाक्य कशाच्या जोरावर उभंय, यमूबाई? मुंबईच्या लॉ कॉलेजच्या?"

तिने कागद आवरले. अण्णा साडेदहाच्या एस.टी.ने तलासरीला गेले आणि तिथल्या स्टँडवरच त्यांचं हृदय थांबलं.

तेराव्यानंतर टिपण तिच्याच गळ्यात आलं. सोमवारी सुनावणी होती. अण्णांचे स्नेही श्यामकांत वकील उभे राहणार, पण लिहायचं तिने. जमीनमालकाने जमीन सोडल्याच्या कागदावर शुक्रीचा अंगठा घेतला होता; टिपण फसलं तर तिचं शेत त्याच्या घशात. भर दुपारी रिकाम्या खोलीत ती मोठ्याने वाचू लागली. सवयच तशी लागलेली.

"जमीन सोडल्याच्या कागदावरचा असा अंगठा हायकोर्टाने रद्द ठरवला आहे."

टक्.

खिडकी असेल. तिने कडी लावली, पुन्हा वाचलं. पुन्हा टक्. बाकीची वाक्यं बिनबोभाट गेली. तिने अण्णांची पेन्सिल कपाटात टाकून कुलूप लावलं. तरी त्याच वाक्याला, त्याच कोपऱ्यावर, टक्.

भीतीच्या आधी तिला चीड आली. गेल्यावरही माणसाने पिच्छा सोडू नये म्हणजे काय!

वैतागून तिने हायकोर्टाचा तो निवाडा उघडला. आजवर वरचा सारांशच वाचला होता. आता चौदाही पानं वाचली. अंगठा रद्द झाला होता, तो मामलेदाराने कुळाला समोर बोलावून विचारलं नव्हतं म्हणून. संध्याकाळी शुक्री आली. तिला विचारलं तर म्हणाली, मामलेदार कसा असतो तेच मला ठाऊक नाही, बाय.

दुसऱ्या दुपारी यमुनेने सुधारलेलं टिपण वाचलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत. एकदाही आवाज नाही.

ती उठली नाही. तळहात टेबलावर ठेवला.

"अण्णा, मी तुमच्यावर कधी चिडले नव्हते."

टक्.

हाताखालचं लाकूड हललं.

तिने हात काढला नाही.

"त्या सकाळी तुम्ही निघालात तेव्हा मला वाटलं होतं, परत येऊच नये."

ती वाट पाहत राहिली.

टेबल निमूट होतं.