वांग्याची गाय

सोळा ऑगस्टची, घरी आलेल्या पितरांना निरोप द्यायची रात्र होती. वहिनी फाटकाशी मातीच्या थाळीत तागाच्या काड्या रचून बसली होती. मला म्हणाली, "भावजी, आतून गाय घेऊन या. वारा पडलाय तोवर पेटवू."

मी आत गेलो. पितरांच्या देव्हाऱ्यापुढे, त्यांनी येताना बसायचे, काड्यांचे पाय लावलेले काकडीचे घोडे उभे होते. दोन. खरं तर एक पुरतो, पण तेरा तारखेला मीच दोन केले होते. एक वाटेत दमला तर दुसरा असावा, दादा लवकर यावा, म्हणून. परत जाताना बसायची वांग्याची गाय मात्र जागेवर नव्हती.

दादाची मिनोरी तिथंच बसली होती. नऊ वर्षांची. हाताची घडी, हनुवटी वर. अगदी दादा.

"गाय कुठाय?"

"चरायला गेली."

"मिनोरी."

"गाय नसली तर बाबा जातील कशावर? चालत? त्यांचा गुडघा दुखतो. नाहीच जाणार ते."

मला हसू आलं. दादा मार्चमध्ये बोटीवरून पडून बुडाला. मी त्याच बोटीवर होतो. त्याला मलाही जाऊ द्यायचं नव्हतं; गाय आधी माझ्या हाती लागली असती तर मीच ती समुद्रात भिरकावली असती. पण मला वाकुईंची गोष्ट माहीत होती. मी दिवा बारीक केला आणि तिच्याशेजारी बसलो.

"आमच्या बोटीवरचे वाकुई आजोबा माहितेत ना?"

"बर्फ पडला तरी दार उघडं टाकून झोपतात ते? वेडे?"

"वेडे नाहीत. ऐक."

वाकुईंची बायको हात्सुए वारली, त्या वर्षीची ही गोष्ट. तेरा तारखेला त्यांनी दारात जाळ करून पितरांना बोलावलं आणि हात्सुए आली. रात्री स्वयंपाकघरात तांदूळ धुतल्याचा आवाज. सकाळी तिची उशी चेपलेली. तीन दिवस म्हातारा एकटाच बडबडत होता, हसत होता.

सोळा तारखेला ते निरोपाच्या जाळासाठी काड्या आणायला दुकानात गेले. दुकानदारीण म्हणाली, "वाकुईसान, आज तरी बायकोला वेळेवर सोडा हो. बिचारी माहेरी निघाली तरी तुमचं तोंड पडायचं." तेही हसले. घरी आले. काड्या फ्रीजवर टाकल्या, गाय फ्रीजमध्ये ठेवली. दाराला कडी घातली आणि झोपले. मला म्हणाले होते, "एकच वर्ष राहू दे, असं वाटलं रे. कुणाचं काय जाणार होतं?"

मध्यरात्र उलटली. दाराशी, आतल्या बाजूला, लाकडी चपला वाजल्या. हात्सुएच्याच. दार सरकवायची खटपट ऐकू आली. सरकलं नाही. पुन्हा. पुन्हा.

"हात्सुए, राहा ना गं."

आवाज थांबला.

मग कुणीतरी खोकलं. पुरुष. वाकुईंनी खोकला ओळखला. त्यांचे वडील. जाऊन कित्येक वर्षं झालेले.

"बघ मिनोरी, जाळ केला की एकटं आपलं माणूस येत नाही. सगळे येतात. आजोबा, पणजी, बुडालेले काका, ज्यांची नावंही कुणाला आठवत नाहीत ते. तीन दिवस जेवून सगळ्यांना परतायचं होतं. आणि दार बंद."

मिनोरी सरकून मला टेकली.

दाराशी गर्दी वाढत गेली. कपड्यांची सळसळ. श्वास... नाही, श्वास नाही. नुसती सळसळ. उदबत्तीचा वास इतका दाट झाला की गिळावा लागत होता. वाकुई उठले. कडी काढली. दार हललं नाही. खिडकी. नाही. मागचं दार. नाही. फोन कानाला लावला. फोनमध्येही तीच सळसळ...

ते मागे सरकले. पाठ भिंतीला लागली. दिसत कुणीच नव्हतं. पण जागा संपत होती. खांद्याला खांदा. गार. छातीवर दाब.

"हात्सुए..."

मग कानापाशी, अगदी कानापाशी, तिचा आवाज.

"अहो... घुसमटतंय मला."

फ्रीजपर्यंत कसे पोचले ते त्यांनाही सांगता येत नाही. गाय काढली. काड्या ओढल्या. बाहेर जाता येईना, म्हणून दाराच्या आतच, चपला काढायच्या फरशीवर, तव्यात जाळ केला. गाय शेजारी ठेवली. हात जोडले.

"जा गं," म्हणाले. "जा."

दार आपोआप सरकलं. ते सगळे वाकुईंच्या अंगावरून गेले. एकेक करून. शेवटी लाकडी चपला. उंबऱ्यापाशी थांबल्या. बराच वेळ... मग पायऱ्या उतरून समुद्राकडे गेल्या.

"तेव्हापासून त्यांना बंद दार सोसत नाही."

बाहेरून वहिनी ओरडली, "भावजी, गाय आणताय की दूध काढताय?"

"काका," मिनोरी म्हणाली, "बाबांनाही घुसमटत असेल?"

मार्चमध्ये पाण्याखाली दादाला काय वाटलं असेल, हे मी आजवर मनात येऊ दिलं नव्हतं. तिच्याकडे न बघता म्हणालो, "असेल."

ती उठली. कपाटातून दादाचा डबा घेऊन आली. बोटीवर न्यायचा तोच, खोल, ॲल्युमिनियमचा. झाकण घट्ट लावून वर रुमालाची गाठ मारलेली. गाठ तिला सुटेना. मी सोडली. झाकण उघडलं.

गायीचे चारही पाय धड होते. झाकण तिला लागतही नव्हतं, वर चांगली दोन बोटं जागा होती. पण पाठ मधोमध खोल चेपलेली. कुणी बसलं की गादी दबते, तशी.

"तू दाबलीस?"

"नाही, काका."

मी गाय दोन्ही तळहातांवर घेतली. मिनोरी पुढं झाली आणि तिनं दार सरकवलं. धक्का लागू न देता, हळूहळू, मी फाटकाकडे निघालो.