चंदाकडे येणारा माणूस

ही ऐकीव गोष्ट नाही. त्या दारासमोर मी स्वतः उभा होतो.

साल १९८७. मोहफुलांचे दिवस. अहेरीच्या पलीकडे, नदीकाठचं आमचं गाव.

आणि रात्र नव्हती... भर दुपार होती.

चंदा माझी लहान बहीण. त्या दुपारच्या काही वर्षं आधी गावातल्या इसरूशी तिचं लग्न ठरल्यातच जमा होतं. तेवढ्यात जंगलातला पूल कोणीतरी सुरुंगानं उडवला. पोलीस आले. गावात सापडले तेवढे बाप्ये रांगेत उभे केले. डोक्यावर गोणपाट घातलेला एक खबऱ्या रांगेसमोरून चालत गेला...

इसरूपुढं थांबला. मान हलवली.

बस.

पकडलेल्या माणसाला कोर्टापुढं उभं करावं लागतं. कायदाच आहे तसा. इसरू कोर्टात पोचलाच नाही. "नदी ओलांडताना डोंग्यातून उडी मारून पळाला," असं सांगितलं गेलं.

हातात बेड्या असताना?

त्याचं प्रेतही मिळालं नाही.

पुढं चंदाचं लग्न लटारूशी झालं. माणूस कष्टाळू. मी तेव्हा बल्लारपूरला कामाला होतो. एक दिवस लटारू माझ्या दारात उभा. डोळे खोल गेलेले.

"भाऊ, चंदाकडं कोणीतरी येऊन राह्यला."

"कोण?"

"दिसत नाई. मी आंगणात असलो का आतून तिचं हसणं आयकू येते. मायासंग ते कधी अशी हसली नाई, भाऊ..."

मी त्याच्यासोबत गावी गेलो. दार नुसतं लोटलेलं होतं.

आतून हसणं आलं.

चंदाचंच. लग्नाआधीचं, मोकळं.

मग एका पुरुषाचा आवाज... हळू... पाणी भरलेल्या घशातून यावा तसा.

लटारूनं कुऱ्हाड उचलली. मी त्याचा हात धरला. तेवढ्यात पाठीमागून कोणी म्हणालं,

"दादा, कवा आला?"

मागं चंदा उभी होती. डोक्यावर मोहफुलांची टोपली.

आतलं हसणं थांबलं.

लटारूनं दार ढकललं. घरात कोणीच नव्हतं. सारवलेल्या जमिनीवर ओली पावलं... चुलीपर्यंत गेलेली. परत आलेली नाहीत.

"इसरू!" लटारू किंचाळला. "मेला तरी तिले सोडत नाई का बे?"

चंदानं टोपली खाली ठेवली. "मेला? तुमाले कसं माहीत?"

लटारू खालीच बसला.

"गोणपाटात मीच होतो. पूल त्यानं नाई उडवला. पन तू त्याच्याकडंच पाहे... मायाकडं एकडाव तरी पाहाचं होतं."

तेवढ्यात नदीकडून कोणीतरी खोकललं. लटारू ताडकन उठला, कुऱ्हाड घेऊन त्या दिशेनं धावला. "बाहेर नीघ! बायको माई हाये!"

कुऱ्हाड काठावर सापडली. लटारू कधीच नाही.

चंदा तेव्हापासून माझ्याकडं आहे. ती एकदाच त्या दुपारबद्दल बोलली.

"दादा, तुले त्याचा आवाज आला?"

"आला."

"लटारूलेबी आला. मंग मलेच काऊन नाई? मायासाठी येत होता ना तो?"

तिच्या डोळ्यांत तेव्हा जे होतं, ते मी कुऱ्हाड उचलणाऱ्या लटारूच्या डोळ्यांत पाहिलं होतं.

त्या दुपारी आत बाईही हसत होती, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

चंदा तर माझ्या मागं उभी होती...

मग इसरूसोबत आत कोण होतं?