अठरा किलोंची सॅक

हे मी रचून सांगत नाहीये. रचायचंच असतं, तर सख्ख्या मामाला एवढं वाईट दाखवलं नसतं.

गेल्या थंडीतली गोष्ट. गावामागचा डोंगर. पहाटेचे साडेपाच.

मामा निसर्गाचे फोटो काढतो. मोबाइलवर नाही. जुना मीडियम फॉरमॅट कॅमेरा, रुंद फिल्मचा, एका रोलमध्ये बाराच फोटो. कॅमेरा, तीन लेन्स आणि जडशीळ ट्रायपॉड. सगळं मिळून अठरा किलो.

हे अठरा किलो तीस वर्षं मामीने वाहिले. का, तर फोकस जुळवणाऱ्याचा हात थरथरता कामा नये.

"सवतीला पाठीवर घेऊन डोंगर चढणारी मी एकटीच असेन गं," ती मला हसत सांगायची. कॅमेऱ्याला ती सवतच म्हणायची.

वर पोचल्यावर तिला आणखी एक काम असायचं. पहाटेच्या उजेडात कॅमेऱ्याच्या वरच्या काचेत, मान वाकवून बघायच्या, धड काही दिसत नाही. म्हणून डोक्याला पांढरा स्कार्फ बांधून ती समोरच्या खडकापाशी जाऊन उभी राहायची. मामा त्या स्कार्फवर फोकस जुळवायचा.

मग ओरडायचा, "बाजूला हो!"

ती बाजूला व्हायची. मग फोटो.

तीस वर्षांत त्याने तिचा एकही फोटो काढला नाही. "माणूस आला की डोंगर लहान दिसतो," म्हणायचा.

मामी गेली तेव्हा भिंतीवर लावायला फोटो सापडेना. शेवटी कुणाच्या तरी लग्नातल्या ग्रुप फोटोतून तिचा चेहरा कापून मोठा केला. शेजारच्या बाईचा अर्धा कान त्यात राहिलाच.

मी नर्स आहे. तिला शेवटचे कपडे मीच घातले. दोन्ही खांद्यांवर सॅकच्या पट्ट्यांचे काळे वळ होते. मी मामाला हाताला धरून आणलं आणि ते दाखवले. रागच आला होता मला.

त्याने एका वळावरून बोट फिरवलं.

महिन्याभराने तो एकटाच सॅक घेऊन निघाला. साठी उलटलेला माणूस. पहिल्याच चढावर नाकी नऊ आले. पट्टे खांद्यांत रुतले. तो थांबला आणि धापा टाकत म्हणाला, "कशी गं वाहत होतीस तू हे?"

आणि...

सॅक हलकी झाली.

खालून कुणीतरी दोन्ही हात लावून उचलून धरावी, तशी. त्याने वळून पाहिलं. पायवाट रिकामी होती. त्याने पुढे पाऊल टाकलं... मागे आणखी एक पाऊल वाजलं.

मामा घाबरला नाही. "मला रडूच आलं," तो मला नंतर म्हणाला. आता तरी तिचा एक फोटो काढायचा, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

वर पोचून त्याने ट्रायपॉड लावला. रोल भरला. मान खाली घालून काचेत पाहिलं.

अंधूक खडक. आणि खडकापाशी... एक पांढरा ठिपका.

त्याने डोकं वर केलं. खडकापाशी कुणीच नव्हतं.

पुन्हा काचेत पाहिलं. ठिपका तिथेच.

त्याने हळूहळू फोकस जुळवला. स्कार्फची गाठ दिसली. मग कपाळ. मग डोळे. ती त्याच्याकडेच बघत होती, नेहमीसारखी, तो कधी सांगतोय याची वाट बघत.

फक्त बटण दाबायचं होतं.

आणि तीस वर्षांच्या सवयीने त्याच्या तोंडून निघून गेलं, "बाजूला हो!"

ती बाजूला झाली.

"थांब, अगं थांब," तो ओरडत राहिला. वेड्यासारखे बाराच्या बारा फोटो काढले. मी स्वतः ती निगेटिव्ह उजेडाला धरून पाहिली आहे. बाराही फोटोंत नुसता खडक. फोकस मात्र असा, की खडकावरची भेग न् भेग मोजावी.

उतरताना सॅक इतकी जड झाली, की तो तीनदा वाटेत बसला.

आता दर रविवारी तो वर जातो. वर पोचला की आधी तोंडात रुमाल कोंबतो, मगच काचेत बघतो. पण मामी येत नाही. सॅकही हलकी होत नाही.

गेल्या रविवारी त्याचा गुडघा धरला होता, म्हणून सॅक मी घेतली. मामा पुढे, मी मागे. पहिल्या चढावर माझे खांदे भरून आले...

आणि सॅक हलकी झाली.

मानेजवळचा मुडपलेला पट्टा कुणीतरी हलकेच सरळ केला. लहानपणी शाळेत जाताना मामी माझी कॉलर नीट करायची, तसा.

मी वळून पाहिलं नाही. हिंमतच झाली नाही.

तेवढ्यात मामा थांबला. मागे वळला. त्याला मी एकटीच दिसले.

"जड आहे का गं खूप?" त्याने विचारलं.

काय सांगणार होते मी त्याला?

"हो मामा," मी म्हटलं. "खूप जड आहे."